खुनी शेवटच्या फॉर्मात असतो

कोर्टातल्या फायली कधी ना कधी निकालात निघतात, किस्से मात्र निघत नाहीत. फाईल बांधून रेकॉर्ड रूममध्ये गेली की तिच्यातलं खरं-खोटं सगळं वाळवीच्या हवाली होतं. पण बार रूममध्ये चहाबरोबर कुणी एक गोष्ट काढली की तिला दुसरी चिकटते, दुसरीला तिसरी, आणि चाळीस वर्षं वकिली केलेल्या माणसाच्या डोक्यात कायदा कमी आणि ह्या गोष्टीच जास्त उरतात. माझंही तेच झालंय. बायको म्हणते, "कलमं विसरता, अन् हे बरं आठवते तुमाले!"

कोर्ट चांदा जिल्ह्यातलं. तेव्हा चंद्रपूरला चांदाच म्हणत, गडचिरोली त्याच जिल्ह्यात होतं आणि आमचं राज्य होतं मध्य प्रदेश. नेमकं कोर्ट कुठलं ते सांगत नाही, उगाच माणसं ओळखू येतील. आम्ही सहा वकील होतो. त्यातले दोघे लक्षात ठेवले तरी पुरे.

एक दादासाहेब. फौजदारीत सगळ्यांत ज्येष्ठ, आवाज असा की शेजारच्या कोर्टातले साक्षीदार उत्तरं द्यायचे! त्यांना एकच व्यसन होतं, वकिली कादंबऱ्यांचं. पहिल्या पानावर खून, मग हुशार बॅरिस्टर, मग धावपळ, मोटारी, पिस्तुलं आणि शेवटच्या पानावर उलटतपासणीत खुनी पिंजऱ्यातच ढसाढसा रडतो, तसल्या. आयुष्यात एकदा तरी आपल्याला अशी उलटतपासणी जमावी, एवढीच त्यांची इच्छा होती.

दुसरे विठ्ठलराव. दिवाणी वकील. त्यांचं म्हणणं, "असं कोर्टात कधी होत नाई." कादंबऱ्या मात्र सगळ्या वाचायचे. का, तर चुका शोधायला!

मी दादासाहेबांचा ज्युनिअर. बॅग उचलणं आणि योग्य जागी "वा!" म्हणणं, ही माझी वकिली.

त्या वर्षी दादासाहेबांकडे रैनूची केस आली. रैनू सूरजागडच्या डोंगराकडचा, जंगलातल्या गावातला. एका ठेकेदाराचा बांबूचा डेपो जळाला, त्यातच दिवाणजीची झोपडीही गेली. आग रैनूनं लावली असा आरोप. ठेकेदाराच्या माणसांनी त्याचं मोहाचं झाड तोडलं होतं आणि चारचौघांत रैनू म्हणाला होता, "पाहून घेईन." एवढ्यावर तो तुरुंगात. गुन्हा शाबीत झाला तर दहा वर्षांपर्यंत सजा. त्याची बायको जुरी दर तारखेला दोन दिवस चालून, मग बसनं, कोर्टात यायची. दादासाहेबांनी तिला भर व्हरांड्यात सांगून टाकलं होतं, "बाई, सोडवतो."

विठ्ठलराव मला हळूच म्हणाले, "कशाच्या जोरावर बे? कादंबरीच्या?"

०००

कादंबरीची एक प्रत नागपूरहून यायची आणि वाचणारे सहा. दुसऱ्याचं वाचून होईस्तोवर थांबायची कुणाचीच तयारी नसे. त्यावर दादासाहेबांनी तोड काढली होती. पुस्तक आलं की चाकूनं शिलाई कापायची आणि सोळा-सोळा पानांचे फॉर्म सुटे करायचे. पहिला फॉर्म दादासाहेबांकडे. त्यांचा वाचून झाला की तो विठ्ठलरावांकडे आणि दादासाहेबांना दुसरा. असं करत करत एकच कादंबरी सहा जण एकामागून एक वाचत असायचे. मी शेवटचा. माझ्याकडे मेलेला माणूस अजून जिवंत असायचा, तेव्हा दादासाहेबांकडे त्याचा खटला चालू असायचा!

नियम एकच होता: पुढचं सांगायचं नाही.

ऐन पावसाळ्यात दादासाहेब एका केससाठी सिरोंच्याकडे गेले. जाताना कोटाच्या खिशात शेवटचा फॉर्म! वाटेत नदीला पूर आला, बस बंद झाली, आणि दादासाहेब एका गावात जे अडकले ते अठरा दिवस. इकडे आम्ही पाच जण खुनी कोण ते माहीत नसताना कोर्टात कामं करत होतो. लक्ष कुणाचंच नव्हतं. "असल्या पुस्तकाचं मले काय पडलं नाई," असं विठ्ठलराव रोज दोनदा सांगत.

आणि दहाव्या दिवशी त्यांनी गुपचूप तार केली: "खुनी कोण? ताबडतोब कळवा."

तार दादासाहेबांच्या आधी तिथल्या ठाण्यात पोचली. जमादार छत्री घेऊन हजर. "वकीलसाहेब, खून कुठी झाला?" दादासाहेबांनी परोपरीनं समजावलं, शेवटी खिशातून फॉर्म काढून पुढे ठेवला. जमादारानं तो पुरावा म्हणून ताब्यात घेतला. दुसऱ्या दिवशी परत आणून दिला आणि म्हणाला, "घ्या साहेब. मले त पहिल्यापासूनच डॉक्टरवर शक होता!"

पहिल्यापासून! ह्यानं वाचलेली पानं एकंदर सोळा!

०००

दादासाहेब परतले त्या आठवड्यात बार रूममध्ये मोठा वाद झाला. विठ्ठलरावांनी सुटे फॉर्म टेबलावर आपटले.

"तीन खून, दोन अटका, एक फाशी, अन् ह्या पुस्तकात एक बी वकील तारीख मांगत नाई! हे एवढं खोटं पुरे नाई का? माझ्याकडं एक वाटणीचा दावा हाय. बापानं टाकला, पोरगा चालवून राह्यला, काल नातू येऊन गेला. म्हने, साहेब, आता माझा वकालतनामा घ्या!"

दादासाहेब शांतपणे सुपारी कातरत होते. म्हणाले, "म्हनूनच त वाचतो ना बे! दिवसभर तारखा घेतलेल्या मानसाले संध्याकाळी एक तरी निकाल लागलेला पाहाले भेटला पायजे."

मला ते तेव्हाही पटलं, आजही पटतं. आमच्या कोर्टात वेळ बैलगाडीच्या चाकानं चालायचा. मेलेले साक्षीदार, हरवलेले समन्स, रजेवर गेलेला कोर्टाचा रीडर! अशात कुणी दोनशे पानांत खुनी पकडून देत असेल, तर माणूस खोट्यालाही हात जोडतो. आणि त्या दिवसांत तर बाहेर व्हरांड्यात जुरी बसलेली असायची. रैनूची तारीख तिसऱ्यांदा पुढे गेली होती. तिला ते सांगायचं काम माझ्याकडे होतं, आणि ते मला अजिबात आवडायचं नाही.

०००

विठ्ठलरावांच्या हातात लाल पेन्सिल असायची. त्यांच्याकडून पुढे आलेला फॉर्म म्हणजे परीक्षेचा पेपरच! "खून सोमवारी, फाशी शनिवारी. अपील कुठे गेलं? हरकत!" "सरकारी वकील सगळ्या पुस्तकात दोनदाच उठतो. हरकत!" "बॅरिस्टरनं एका दमात दोनशे मैल मोटार हाकली. पेट्रोल कुठे भरलं? हरकत!"

मी शेवटचा असल्यामुळे मला कथा कमी आणि हरकती जास्त वाचायला मिळत.

एकदा दिवाळीच्या सुट्टीत सगळे फॉर्म बार रूमच्या टेबलावर राहून गेले. सुट्टीनंतर पाहतो तर फॉर्म तिथेच, नीट अनुक्रमानं लावलेले. आणि पेट्रोलच्या लाल हरकतीखाली निळ्या शाईत बारीक, सुबक अक्षरात लिहिलेलं: "हरकत फेटाळण्यात येते. पेट्रोलचा उल्लेख पान त्रेचाळीसवर आहे."

आम्ही पान त्रेचाळीस काढलं. होता!

मग सगळे त्या अक्षराकडे बघत बसलो. ते अक्षर आम्ही सहाही जण ओळखत होतो. आमचे जामिनाचे अर्ज वर्षानुवर्षं त्याच शाईत नामंजूर होत होते. जज्जसाहेब पुण्याकडचे, कडक, कोर्टात कधी हसल्याचं कुणी पाहिलेलं नाही. कुणी कुणाला काही बोललं नाही. फक्त पुढचं पुस्तक आलं तेव्हा दादासाहेबांनी पहिला फॉर्म कापून चपराशाच्या हाती दिला आणि म्हणाले, "आत ठेवून ये. काही सांगू नको."

विठ्ठलराव मात्र महिनाभर चिडलेले होते. "अपील कुठी करू आता?" म्हणायचे.

०००

दादासाहेबांनी कादंबरीतली युक्ती खऱ्या कोर्टात पहिल्यांदा वापरली ती चामोर्शीकडच्या एका मारामारीच्या केसमध्ये. मार डाव्या हातानं बसला होता आणि तो साक्षीदारानंच दिला असा दादासाहेबांना संशय होता. कादंबरीत बॅरिस्टर अशा वेळी साक्षीदाराकडे अचानक काहीतरी फेकतो. साक्षीदार बेसावध असतो, डाव्या हातानं झेलतो आणि फसतो!

आठ दिवस दादासाहेब घरी लिंबं फेकून सराव करत होते. झेलायला मी.

कोर्टात साक्षीदार उभा राहिला. वयस्क शेतकरी, स्वच्छ धोतर, गळ्यात माळ. दादासाहेबांनी आधी शेतीचं विचारलं, धानाचं विचारलं, पाखरांचं विचारलं. जज्जसाहेब कंटाळून खाली बघायला लागले. आणि तेवढ्यात दादासाहेब गर्रकन वळले आणि खिशातला फाउंटन पेन सपकन त्याच्याकडे भिरकावला. "घ्या!"

शेतकऱ्यानं पेन दोन्ही हातांच्या ओंजळीत झेलला. थोरामोठ्यांनी दिलेलं एका हातानं घेऊ नये, हे त्याच्या आईबापानं शिकवलेलं होतं! मग तो पेन कपाळाला लावला, दादासाहेबांना वाकून नमस्कार केला आणि पेन बंडीच्या खिशात ठेवून दिला.

परत मागणार कसा? भर कोर्टात, नमस्कार घेतल्यावर?

पुढचे सहा महिने दादासाहेब माझ्या पेननं लिहीत होते.

०००

आता जरा खाली मान घालून सांगायची गोष्ट. रैनूची केस उभी राहायच्या आधी आम्ही त्याला तुरुंगात भेटायला गेलो. बरोबर दुभाषी सोमाजी. सोमाजी गडचिरोलीकडचा, गोंडी आणि माडिया दोन्ही त्याला मराठीइतक्या यायच्या. कोर्टात शपथ घेतलेला माणूस, जे बोललं जाईल ते सगळं, जसंच्या तसं पोचवणार. एक शब्द खायचा नाही, एक शब्द घालायचा नाही.

दादासाहेबांनी रैनूला विचारलं, "आग लागली तवा तू कुठी होता?"

सोमाजीनं विचारलं. रैनूनं सांगितलं. "साहेब, थो म्हन्ते, दुसऱ्या मोहाखाली फुलं वेचत होतो."

"कोनी पाह्यलं?"

"बायकोनं पाह्यलं म्हन्ते. अन् झाडानं."

बायकोची साक्ष कोण धरणार? दादासाहेबांना कादंबरीतला बॅरिस्टर आठवला. तिथे आरोपी हमखास दुसऱ्या गावी असतो, त्याचं तिकीट सापडतं, हॉटेलवाला ओळखतो. ते जरा घुटमळले आणि म्हणाले, "सोमाजी, त्याले म्हना, त्या दिवशी तू अहेरीच्या बजारात होता असं सांगतलं त बरं पडन."

आमच्या धंद्यातली ही वाईट खोड, लपवून उपयोग नाही.

सोमाजीनं ते जसंच्या तसं रैनूपुढे ठेवलं. रैनूनं दादासाहेबांकडे पाहिलं. राग नव्हता त्याच्या चेहऱ्यावर, काळजी होती. मग तो काहीतरी बोलला.

सोमाजी म्हणाला, "साहेब, थो म्हन्ते, मी त्या दिवशी अहेरीले गेलो नोतो. वकीलसाहेबाले कोनी खोटं सांगतलं असन. ज्यानं सांगतलं त्याच्यावर भरोसा ठेवू नोका!"

परत येताना दादासाहेब पुढे पुढे चालत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. फाटकाजवळ जुरी उभी होती. तिनं नुसतं डोळ्यांनी विचारलं. दादासाहेब पुन्हा म्हणाले, "सोडवतो बाई." पण ह्या वेळी आवाज शेजारच्या कोर्टात जाण्यासारखा नव्हता.

०००

आणि मग रैनूची केस उभी राहिली. थंडीचे दिवस होते. पहिले दोन दिवस किरकोळ साक्षी झाल्या. तिसऱ्या दिवशी साक्षीच्या पिंजऱ्यात ठेकेदाराचा दिवाणजी. हाच मुख्य साक्षीदार. त्यानं ठामपणे सांगितलं, "मी रैनूच्या हातात आग पाह्यली."

दादासाहेब उलटतपासणीला उठले. मोहाची फुलं गळायच्या आधी झाडाखालचा पालापाचोळा जाळून जागा साफ करतात, म्हणजे फुलं वेचायला सोपं जातं. तिकडे सगळेच करतात.

"मोहाच्या दिवसांत तिकडे कोणाच्या हातात आग नसते?"

"असन. पन मी रैनूलेच पाह्यलं."

"आजूबाजूला आणखी कोणी होतं का?"

"कोनीच नोतं."

"नाल्यापल्याड?"

"कोनीच नोतं साहेब."

दिवाणजी हलेना. दादासाहेबांनी अर्धा तास त्याला फिरवून फिरवून विचारलं, तो आपला दगडासारखा तिथेच. माझ्या हातातल्या कागदावरचे प्रश्न एकेक करत संपले. शेवटच्या प्रश्नावर मी काट मारली. जज्जसाहेबांनी वर न बघता विचारलं, "आणखी काही, दादासाहेब?"

जुरी भिंतीला टेकून बसली होती. तिला कोर्टातलं मराठी कळत नव्हतं, पण दादासाहेबांची कागदं संपली हे तिला कळलं होतं. दादासाहेबांनी तिच्याकडे पाहिलं. मग आरोपीच्या पिंजऱ्यातल्या रैनूकडे. आणि मग त्यांनी ते केलं, जे शुद्धीवरचा कुठलाही वकील करणार नाही.

त्यांनी साक्षीदाराकडे पाठ फिरवली. गाऊन सावरला. हात उचलला, बोट थेट मागच्या बाकांकडे रोखलं, आणि गरजले, "साहेब! आग लावणारा माणूस त्या पिंजऱ्यात नाही! तो ह्या क्षणी, ह्या कोर्टात, तुमच्या समोर बसलेला आहे!"

हे वाक्य कुठल्या पानावरचं होतं ते आम्हा सहाही जणांना माहीत होतं. विठ्ठलरावांनी कपाळाला हात लावला. मी जमिनीत शिरायला जागा शोधत होतो. हातात ना पुरावा, ना नाव, ना काही! जज्जसाहेबांनी निळा पेन खाली ठेवला.

"दादासाहेब, हे कोर्ट आहे."

दादासाहेबांचं बोट तसंच होतं. आता ते खाली कसं घ्यायचं हेच त्यांना कळत नव्हतं.

फक्त सोमाजी आपलं काम करत होता. आरोपीला सगळं कळलं पाहिजे ना! त्यानं रैनूकडे तोंड करून ते वाक्य मोठ्यानं, शब्दन् शब्द, त्याच्या भाषेत सांगितलं.

मागच्या बाकावर हालचाल झाली. एक म्हातारा माणूस उठून उभा राहिला. डोक्याचं फडकं काढून त्यानं हातात घेतलं, आणि अगदी साध्या आवाजात काहीतरी बोलला.

सोमाजी वळला.

"काय म्हणतोय तो?" जज्जसाहेबांनी विचारलं.

"साहेब, थो म्हन्ते... हो, मी इथीच हाओ."

मग सगळं बाहेर आलं. म्हातारा नाल्यापल्याडच्या गावचा. आपल्या मोहाखालचा पाला त्यानं पेटवला आणि पाणी प्यायला नाल्यावर गेला. वारा सुटला. परत येईस्तोवर आग बांबूपर्यंत पोचलेली. मुद्दाम काही नव्हतं. दिवाणजी पिंजऱ्यात घाम पुसत होता. रैनू त्या हिवाळ्यातच सुटला आणि म्हाताऱ्यालाही जज्जसाहेबांनी सांभाळून घेतलं, हे आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर तुमचा जीव टांगणीला राहायचा. पण ते सगळं नंतर. त्या क्षणी जज्जसाहेब एवढंच म्हणाले, "त्याला विचारा, इतके महिने गप्प का बसला?"

सोमाजीनं विचारलं. म्हातारा सावकाश, बोटं मोजत सांगत गेला.

"साहेब, थो म्हन्ते, आग लागली त्याच हप्त्यात ठाण्यात गेलतो. थे म्हनले, आमचा मानूस भेटला, तू जाय घरी. मंग आयकलं का इथी केस हाय, म्हनून इथी आलो. पहिल्याच दिशी सांगाले उठलो, त दारावरचा शिपाई म्हने, गप बस. म्हनून तीन दिस गप बसून राह्यलो."

म्हाताऱ्यानं फडकं पुन्हा डोक्याला गुंडाळलं. मग दादासाहेबांकडे टक लावून पाहिलं, अजून वरच असलेल्या त्या बोटाकडे पाहिलं, आणि सोमाजीला आणखी काहीतरी विचारलं.

"आता काय?" जज्जसाहेब म्हणाले.

सोमाजी जरा अडखळला. पण शपथ घेतलेला माणूस, एक शब्द खायचा नाही.

"साहेब, थो वकीलसाहेबाले पुसते... मी इथी बसलो हाओ, हे तुमाले सांगतलं कोनं?"